तीन पट्ट्यांतली वरची पट्टी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. हा गुण आईकडून आला आणि माझ्यात जरा जास्तच उतरला. ताई म्हणते, तुझ्या नाकावर माशी बसली तर ती बिचारी स्वतःच माफी मागून उडेल. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात मी माझी बाजू धरून बोलणार, हे गृहीत धरा. पण एका ठिकाणी मी चुकले, अगदी सपशेल चुकले, तेही लपवणार नाही.

मी गणितात पीएच.डी. करते आहे. चौथं वर्ष. राहते ताईकडे. ताई पार्सलच्या एका मोठ्या गोदामात पॅकिंग विभागाची सुपरवायझर आहे. दर बुधवारी दुपारी, सव्वाएक ते दोन, मी त्या गोदामाच्या जेवणाच्या खोलीत गणित सांगते. परीक्षा नाही, हजेरी नाही, कंटाळा आला तर उठून हात धुवायला जावं.

हे सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. ताई डबा विसरली होती, तो द्यायला गेले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दादांनी सहज विचारलं, "काय शिकतेस गं?" म्हटलं, गणित. "अजून? संपलं नाही होय ते?" सगळे हसले. मला काय वाटलं कोण जाणे, मी एका मोडक्या खोक्याचा पुठ्ठा ओढला, मार्कर घेतला आणि मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवलं. दहा मिनिटं लागली. शेवटच्या ओळीला दादांचा घास हातातच राहिला. "म्हणजे संपतच नाहीत?" ते म्हणाले. "कितीही पुढे गेलं तरी?"

विद्यापीठात चार वर्षांत असं मला कोणी विचारलेलं नाही. तिथे सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. मी त्या एका "संपतच नाहीत?" पायी दर बुधवारी दोन बसेस बदलून जायला लागले.

वर्गात नियम एकच. "स्पष्टच आहे" असं जो म्हणेल त्याने उठायचं आणि ते स्पष्ट करून दाखवायचं. हा नियम मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या रागाने केला होता. सर नावाजलेले, हुशार, यात वाद नाही. पण फळ्यावर एक ओळ लिहायची, खालच्या सात ओळी गिळायच्या आणि म्हणायचं, "हे तर स्पष्टच आहे." विचारायची सोय नाही. विचारलं तर चष्म्यावरून असं बघतात की आपणच मठ्ठ. आम्ही विद्यार्थी त्यांना पाठीमागे स्पष्टच सर म्हणतो.

सरांना गोदामाचं कळलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कोणाला शिकवतेस तू तिथे?"

"पॅकिंगवाल्यांना, सर."

"काय?"

"मागच्या बुधवारी अनंताचे प्रकार सांगितले. एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठा कसा असतो ते."

सर हसले. "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. गणित सगळ्यांसाठी नसतं."

"घडे सरळच आहेत, सर. पाणी घ्यायला कोणी गेलंच नव्हतं."

हे बोलायला नको होतं, पण निघून गेलं. सरांचं हसू गेलं. "पुढच्या शुक्रवारी तुझा वार्षिक सेमिनार आहे," ते म्हणाले. "फॉर्मवर माझी सही झाली तर पाचवं वर्ष मिळेल. नाही झाली तर नव्वद दिवसांत दुसरा मार्गदर्शक शोध, नाहीतर नोंदणी रद्द. प्रबंधाचा तिसरा अध्याय पक्का कर. आणि ते गोदाम बंद केलं, हे सहीच्या आधी मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

बाहेर आले ती रागाने धुमसतच. जिन्यावरच ठरवलं, बंद करणार नाही. सेमिनार असा करीन की सही द्यावीच लागेल. माझा तिसरा अध्याय होता त्या तोडीचा, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

त्या अध्यायाचा पाया म्हणजे एक छोटं उपप्रमेय, मोठ्या प्रमेयाकडे जाणारी पहिली पायरी. सांगते, अवघड नाही. वस्तूंची रास घ्या. कशाही एकमेकींवर पडलेल्या असू देत. फक्त खाचा-खळगे असलेली वस्तू नको. तर त्यांत एक तरी अशी सापडते जिच्या वर दुसरी काहीच नाही. ती सरळ वर उचला. उरलेल्यांतही अशी एक सापडते. तीही उचला. एकेक करून अख्खी रास मोकळी होते. कागदावर, म्हणजे सपाट आकृत्यांसाठी, याची सुंदर सिद्धता आहे. आणि खऱ्या ठोकळ्यांसाठी? सरांच्या वीस वर्षांपूर्वीच्या निबंधात शेवटी एक ओळ आहे: तीन मितींतही हे स्पष्टच आहे. मी ती ओळ उचलली आणि तिच्यावर दोन वर्षं इमले बांधले.

सेमिनारच्या आधीच्या बुधवारी मला वाटलं, हेच गोदामात सांगू. माझं स्वतःचं काम, जगात अजून कुठे छापलेलं नाही. जरा मिरवायचंही होतं, खोटं कशाला बोलू.

खोली भरली होती. लांब स्टीलचं टेबल, उघडे डबे, कोपऱ्यात हात वाळवायचं यंत्र मधूनच घुरघुरत होतं. पांढऱ्या फळ्यावर मी आकृत्या काढल्या, सिद्धता मांडली. दादांनी मध्येच दोनदा अडवलं, दोनदा समजावलं. छान चाललं होतं. मग मी मार्कर ठेवला आणि म्हणाले, "हे झालं फळ्यावर. खऱ्याखुऱ्या वस्तूंचंही असंच, स्पष्टच आहे."

एकदम गलका झाला. "उठ! उठ! स्पष्टच म्हणाली!" मी हसत म्हणाले, उभीच आहे मी, अजून किती उठू?

तेव्हा मावशी बोलल्या. या मावशी पॅकिंगमध्ये सव्वीस वर्षं आहेत. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र अख्ख्या गोदामाला पुरेल असा. चिकटपट्टी न लावता खोकं बंद करण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांनी टेबलाखालून एक रिकामं खोकं घेतलं. चार झाकणं असतात त्याला. पहिलं दुसऱ्याखाली, दुसरं तिसऱ्याखाली, तिसरं चौथ्याखाली आणि चौथं परत पहिल्याखाली, असं चटचट दुमडलं. खोकं बंद. माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "यातलं सगळ्यांत वरचं कुठलं, सांग."

"मावशी, ती झाकणं वाकतात. शिवाय खोक्याला जोडलेली आहेत. हे वेगळं."

"बरं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मापं घ्यायच्या तीन स्टीलच्या पट्ट्या उचलल्या, टेबलावर त्रिकोणासारख्या मांडल्या. पहिलीचं टोक दुसरीवर, दुसरीचं तिसरीवर, आणि तिसरीचं टोक अलगद पहिलीवर. "या तर वाकत नाहीत. खाच नाही, खळगा नाही. उचल यातली एक, सरळ वर. दुसरीला धक्का न लावता."

मी बघत राहिले. प्रत्येकीच्या वर कोणीतरी होतं. तीनही पट्ट्या, आणि वरची एकही नाही. दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून घसरत चालली होती आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, "मावशी, हे गणित आहे. खोकी बांधणं नव्हे."

मावशींनी पट्ट्या गोळा केल्या, जागच्या जागी ठेवल्या आणि डब्याचं झाकण लावलं. दोन वाजायला अजून दहा मिनिटं होती.

संध्याकाळी ताईने मला सोडलं नाही. हातातलं पातेलं तिने ओट्यावर असं आपटलं की शेजारी ऐकू गेलं असेल. "तुझे सर तुला मठ्ठ समजतात म्हणून घरी येऊन आदळआपट करतेस ना? आज तू काय केलंस? तेच केलंस! ती बाई अर्ध्या जेवणावरून उठून तुझं ऐकते. जे शिकवलंस तेच केलं तिने, का म्हणून विचारलं. तर तिलाच तिची पायरी दाखवलीस."

"ताई, माझा अध्याय गेला."

"गेला तर गेला! तू का गेलीस त्याच्यामागे?"

मी तीन पेन्सिली घेऊन बसले. एकीला दुसरीवर, दुसरीला तिसरीवर. कागदावर कोणतीही रेघ दुसऱ्या रेघेला ओलांडून तिच्यावर चढू शकत नाही, म्हणून तिथे हे कधी दिसत नाही. फळा सपाट असतो. आम्ही गणितवाले जन्मभर फळ्यासमोर उभे राहतो आणि खोलीत उंची पण असते हे विसरतो. खोकी बांधणाऱ्या बाईने ही चूक जन्मात केली नसती. मला आधी रडू आलं, मग स्वतःचाच संताप आला, आणि मग, खरं सांगते, मजा वाटली. काय देखणी गोष्ट होती ती! तीन साध्या पेन्सिली आणि वरची कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. मावशी आल्या. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. माफ करा."

"माफी राहू दे. माझं बरोबर होतं की नाही, ते सांग."

"बरोबर होतं."

"मग झालं तर." दोन पावलं पुढे गेल्या, वळल्या. "तुझ्या शिक्षणाचं नुकसान झालं का गं?"

"झालं. पण खोटं होतं ते, गेलेलं बरं."

तिथून तडक सरांकडे गेले. तीन पेन्सिली त्यांच्या टेबलावर मांडल्या. सरांना अर्ध्या मिनिटात कळलं. म्हटलं ना, हुशार आहेत. त्यांनी चष्मा काढला. एक पेन्सिल उचलायला गेले, दुसरी हलली. परत मांडली, परत उचलली. "वीस वर्षं," ते हळूच म्हणाले. "वीस वर्षांत एकानेही विचारलं नाही."

त्या क्षणी मला ते आवडले होते. पुढे एवढंच बोलून थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"कोणाच्या लक्षात आलं हे?"

"गोदामातल्या मावशींच्या. पॅकिंग करतात त्या."

चष्मा परत चढला. "हे बघ. शुक्रवारी फक्त सपाट आकृत्यांचं बोल. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सही होऊ दे, मग सवडीने दुरुस्त करू. आणि कोण मावशी वगैरे, हा विषय इथेच संपला. गोदामही."

मी पेन्सिली खिशात घातल्या आणि निघाले.

आमच्या विभागात सेमिनारची सूचना लावतात, तिच्या तळाशी एक ओळ कायम असते: सर्व इच्छुकांना सप्रेम निमंत्रण. वर्षानुवर्षं कोणी ती बदललेली नाही, कारण वर्षानुवर्षं कोणी इच्छुक आलेला नाही. समितीचे लोक, दोन पेंगणारे विद्यार्थी, आणि उरलेला चहा पिणारा शिपाई. मी त्या सूचनेची एक प्रत काढली आणि गोदामात हजेरीच्या यंत्राशेजारी चिकटवली. ताईने शुक्रवारची पाळी दोन तास पुढे ढकलली. कशी, ते तिलाच माहीत.

अकरा जण आले. नारिंगी जाकिटं, पायात जाड बूट. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, कुठे म्हणून. मावशी म्हणाल्या, "निमंत्रण आहे. सप्रेम." आणि सगळ्यांना घेऊन आत आल्या.

सेमिनारच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. असं कधीच झालं नव्हतं. विभागप्रमुख बाई पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरचे परीक्षक, पलीकडे सर. सरांनी जाकिटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अजूनही सांगणं होतं, मूठ उघडू नकोस.

मी सपाट आकृत्यांची सिद्धता मांडली. मग म्हणाले, "यापुढे माझ्या अध्यायात एक वाक्य आहे, तीन मितींतही हे स्पष्टच आहे. ते चूक आहे. माझं हे म्हणणं एका मावशींनी खोडून काढलं. त्यांनीच दाखवावं, अशी माझी विनंती आहे." मावशी उठल्या. पिशवीतून तीन पट्ट्या काढल्या, समितीसमोरच्या टेबलावर मांडल्या, आणि परीक्षकांना म्हणाल्या, "उचला साहेब यातली एक. दुसरीला धक्का न लावता."

परीक्षकांनी वाकून एकेका पट्टीचं टोक तपासलं. मग ते हसले, अगदी मोकळं. विभागप्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे तिसऱ्या अध्यायात आता काय उरलं?" त्यांनी मला विचारलं. रोकडा प्रश्न होता. "फारसं काही नाही," मी म्हणाले.

"सरळ रचलं तर अडकत नाही," मावशी मध्येच बोलल्या. खाली बसल्याच नव्हत्या त्या. "सव्वीस वर्षं खोकी रचतेय मी. एकही कलतं नसलं, सगळी सरळ बसली की वरचं एक मोकळं सापडतंच. तिरकं घुसलं की मग हा घोळ."

"कशावरून?" परीक्षकांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळले आणि हातात खडू असतानाच मला ते दिसलं. सगळी खोकी सरळ असतील तर ज्याचा तळ सगळ्यांत उंचावर आहे ते खोकं घ्या. त्याच्या वर दुसरं असेल, तर त्या दुसऱ्याचा तळ आणखी उंच हवा. पण सगळ्यांत उंच तळ तर आपण आधीच घेतलाय. म्हणजे त्याच्या वर कोणी नाही! तीन ओळी. मागून दादा ओरडले, "अरे, बरोबर!" आणि पेंगणारे दोघे विद्यार्थी दचकून जागे झाले.

अध्यायाचा चतकोर वाचला. चतकोरच, पण खरा. समितीने शेरा लिहिला: मुख्य निष्कर्ष मागे घेतला, मर्यादित निष्कर्ष योग्य, पाचव्या वर्षास हरकत नाही, मार्गदर्शकांच्या सहीसह सादर करावे. म्हणजे सगळं परत सरांच्या पेनाशी येऊन थांबलं.

फॉर्ममध्ये एक तक्ता असतो, चर्चेत सहभागी झालेल्यांचा. नाव, पद, योगदान, सही. तो विद्यार्थ्याने भरायचा. परीक्षकांची ओळ भरली, बाईंची भरली. मग मावशींची. पद: पॅकर. योगदान: उपप्रमेय चूक असल्याचे दाखवले व त्याचे योग्य रूप सुचवले.

सर मागे येऊन उभे होते. "हे खोड," ते म्हणाले. "चर्चेतून स्पष्ट झाले, एवढं लिही."

"कोणाला स्पष्ट झालं, सर?"

"शब्दांत पकडू नकोस. हा फॉर्म कायमचा राहतो. उद्या कोणी वाचलं तर माझं वीस वर्षांचं काम एका पॅकिंगवालीने..." ते थांबले. आवाज उतरला. "खोड. गोदामाचंही मी आता विचारत नाही. जा बुधवारी, कर काय करायचं ते. फक्त ही ओळ खोड. लगेच सही करतो."

खोटं सांगत नाही, मी क्षणभर विचार केला. वर्ग राहत होता, वर्ष राहत होतं. एक ओळ तर होती. मावशींनी ती पाहिलीही नव्हती, त्यांना कधी कळलंही नसतं. पेन हातातच होतं.

"लिहिलंय त्यात खोटं काय आहे ते दाखवा, सर. दाखवलंत तर खोडते."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "नव्वद दिवस आहेत तुझ्याकडे," म्हणाले आणि निघून गेले.

बाहेर मावशी एकट्याच थांबल्या होत्या, बाकीचे पाळीवर गेले होते. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवत स्वतःची ओळ वाचली. एकदा, मग परत एकदा. मग खालचा रिकामा चौकोन दाखवून विचारलं, "हे काय?"

"तिथे सरांची सही असते. तुमची ओळ खोडली असती तर झाली असती."

"मग खोडायची ना! मला काय फरक पडला असता?"

"मला पडला असता."

मला वाटलं, मावशी आता झापणार. "वेडी आहेस," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. मग त्यांनी जाकिटाला हात पुसले, माझ्याकडून पेन घेतलं, फॉर्म भिंतीला टेकवला आणि त्यांच्या ओळीतल्या शेवटच्या घरात, घाई न करता, पूर्ण सही केली.

मी तो तसाच कार्यालयाच्या खिडकीत दिला. कारकुनाने उलटसुलट करून पाहिला. "मार्गदर्शकांची सही राहिली आहे," तो म्हणाला.

"राहिलेली नाही. त्यांनी केली नाही," मी म्हणाले. "तुम्ही शिक्का मारा आणि मला पोच द्या."